जर्मनची होडी घ्यावी की ग्लासची? (बास फिशिंग, टेक्सास)

फ्रिस्कोचा_गळ
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी डॅलसच्या वर फ्रिस्कोत राहतो, दिवसभर कीबोर्ड बडवतो आणि गेली तीन वर्षं संध्याकाळी तळ्याकाठी उभा राहून बास धरतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, लार्जमाउथ बास हा इथला गोड्या पाण्यातला मासा, हिरवट अंग, कुशीवर काळपट पट्टा आणि तोंड एवढं मोठं की जबडा डोळ्याच्याही मागे जातो. आपल्या जिताड्याला हॉटेलवाले सी बास म्हणतात त्याचा आणि याचा काडीचा संबंध नाही, हा सनफिशच्या घराण्यातला.

काठावरून धरून धरून आता वैताग आलाय. मासा दिसतो समोरच्या लाकडांत आणि आपला गळ पडतो अलीकडे वीस फुटांवर. म्हणून होडी घ्यायचीय. बजेट १५ हजार डॉलर, तेसुद्धा घरी अजून पास व्हायचंय. शेजारच्या काकांकडे २० फुटी फायबरग्लासची बास बोट आहे, चमचम करणारा लाल रंग, २५० हॉर्सपॉवर, बघतच राहावं अशी. ते म्हणतात, पत्र्याच्या डब्यात पैसे घालू नकोस, दोन वर्षं थांब आणि ग्लासच घे. पण इकडे तळ्यावर बघतो तर निम्मी जनता ॲल्युमिनियमच्याच होड्यांतून फिरतेय आणि मासे काही त्यांना कमी मिळत नाहीत.

अजून दोन भानगडी. आमच्या सोसायटीच्या, म्हणजे एचओएच्या नियमात ड्राइव्हवेवर होडी लावता येत नाही, गॅरेजमधेच बसली पाहिजे. आणि ओढायला गाडी आहे ती सिएना. हो, मिनीव्हॅन. हसून घ्या.

---

थंडीतला_मावळा
हसायचं काय त्यात, आमच्या मिनेसोटात निम्मा गाव मिनीव्हॅनने होड्या ओढतो. डोळे झाकून ॲल्युमिनियम घ्या.

इथे तर ॲल्युमिनियमची पंढरीच आहे. लुंड न्यूयॉर्क मिल्सला बनते, अल्युमाक्राफ्ट सेंट पीटरला, क्रेस्टलायनर पूर्वी लिटल फॉल्सला बनायची, तिन्ही मिनेसोटातली गावं. कारण साधं आहे, आमच्या तळ्यांना काठावर दगडधोंडे, धक्का असलाच तर लाकडी आणि कुरकुरणारा, आणि होडी दगडावर सरकवत बाहेर काढायची म्हटल्यावर ग्लासवाल्याचं काळीज हलतं. आमची होडी दगडाला घासली की फक्त कर्रर्र आवाज येतो, मग आम्ही सँडविच खातो.

याच्यामागे एक मजेशीर गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात ग्रमन कंपनी अमेरिकन नौदलाची लढाऊ विमानं बनवायची. १९४४ साली त्यांचा एक मोठा अधिकारी, विल्यम हॉफमन, सुट्टीत अॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात गेला आणि जड लाकडी कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) खांद्यावर वाहून वाहून त्याचा जीव मेटाकुटीला आला. त्याच्या डोक्यात आलं की विमानाचा पत्रा वाकवून आपण कनू का नाही करत? लढाई संपल्यावर विमानांची ऑर्डर आटली, यंत्रं आणि माणसं तयारच होती, निघाली ॲल्युमिनियमची कनू. दोन अर्धी पात्रं पत्रा ताणून करायची आणि मधे रिव्हेट मारून जोडायची. पुढे ती न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरेथॉन नावाच्या गावात बनायला लागली. मॅरेथॉन, मराठी नाही, मी आधी नीट वाचलं नव्हतं आणि उगाच छाती फुगली होती.

---

शंकासुर
एक बाळबोध प्रश्न. तुम्ही लोक मासा धरता आणि परत सोडता ना? मग १५ हजार कशाचे?

---

फ्रिस्कोचा_गळ
@शंकासुर तुम्ही ट्रेकला जाऊन डोंगर घरी आणता का?

---

शंकासुर
डोंगरावर जायला मी १५ हजारांची होडी घेत नाही. चालू द्या. (खाणेबल मासा कुठला ते पण कधीतरी सांगा.)

---

सेंट_क्लेअरचा_वारा
मी विरोधी पक्षात बसतो, कुणीतरी बसायला पाहिजे.

मी मिशिगनला डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, लेक सेंट क्लेअरवर स्मॉलमाउथ (बासचाच दुसरा प्रकार) धरतो. पाच वर्षं १७ फुटी ॲल्युमिनियम वापरली आणि मग विकली. तळं प्रचंड मोठं आणि उथळ, त्यामुळे वारा सुटला की लाटा उंच नसतात पण जवळजवळ आणि टोकदार येतात. हलकी होडी प्रत्येक लाटेवर उडते आणि धाडकन खाली आपटते, प्रत्येक आपटण्याचा हिशोब मणके ठेवतात. दोन फुटांच्या लाटांत आठ मैल परत आलो एकदा, गाडीत बसलो तर मान वळेना. ग्लासची होडी जड असते आणि तिचं नाक धारदार करता येतं कारण साच्यात हवा तो आकार ओतता येतो, ती लाट कापत जाते. पत्रा वाकवायला मर्यादा आहेत.

दुसरं म्हणजे वारा. मासा जिथे आहे तिथे होडी धरून ठेवायची असते, आणि हलकी होडी वाऱ्यावर पिपाणीच्या फुग्यासारखी पळते. पुढच्या ट्रोलिंग मोटरला, म्हणजे होडी हळूहळू हलवायच्या विजेच्या छोट्या मोटरला, दिवसभर झुंजावं लागतं, दुपारी दोनला बॅटरी राम म्हणते.

तिसरं, आवाज. लहान लाटा पत्र्यावर चपचप चपचप वाजतात. पक्कड हातातून पडली तर पलीकडच्या काठावरचा म्हातारा वळून बघतो.

आता एवढं बोलून खरं सांगतो, नव्या २० फुटी ग्लासला २५० चं इंजिन लावलं की ८०-९० हजार डॉलरच्या वरच जातं. मी जुनी घेतली तरी कर्ज काढलं. बायको अजून "तुझी दुसरी सोसायटी" म्हणते.

---

थंडीतला_मावळा
@सेंट_क्लेअरचा_वारा लाटांबद्दल पूर्ण मान्य. पण त्यांना सेंट क्लेअरवर जायचं नाहीये, डॅलसच्या आजूबाजूच्या तळ्यांवर जायचंय. आणि डीप व्ही, म्हणजे खोल व्ही आकाराच्या तळाच्या, ॲल्युमिनियमच्या पण येतात की, आमच्याकडे मिल लॅक्सच्या मोठ्या तळ्यावर लोक त्याच घेऊन जातात.

---

पत्रा_आणि_वेल्ड
धागा उशिरा पाहिला. मी मूळचा भोसरीतला, शीट मेटलमधे हाडं झिजवली, आता ह्यूस्टनला. यावर बोलायला मला फार आवडतं, तेव्हा लांबलं तर माफी.

आधी तळाचे प्रकार. जॉन बोट म्हणजे सपाट तळाची, परातीसारखी. हातभर पाण्यात पण जाते, स्वस्त, पण लाटेत तोंड फुटतं. बास फिशिंगसाठी जी लोक घेतात ती मॉड व्ही, पुढे थोडं व्ही आणि मागे जवळजवळ सपाट, त्यामुळे उभं राहिलं तरी डगमगत नाही. बासवाला दिवसभर उभाच असतो, हे लक्षात घ्या. डीप व्ही ही मोठ्या पाण्यासाठी.

मग जोड. रिव्हेट की वेल्ड, यावर इथले लोक नळावरच्या भांडणासारखे भांडतात. लुंड अजून रिव्हेटवर आहे, आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्सची एक्सप्रेस वेल्डवर. रिव्हेट वर्षानुवर्षं हादरे खाऊन ढिले होतात आणि थेंब थेंब पाणी येतं, पण एकेक रिव्हेट बदलता येतो, घरच्या घरी, दोन माणसं आणि एक हातोडी. वेल्ड गळत नाही, पण जिथे वेल्डची उष्णता लागते तिथली पट्टी बाकीच्या पत्र्यापेक्षा मऊ पडते आणि चीर गेलीच तर ती त्याच्या कडेने जाते, मग टिग वेल्डिंग मारणारा हुशार माणूस शोधा. दोन्ही चालतात. पत्र्याची जाडी विचारा, ०.१०० इंच असेल तर ठीक.

पत्रा साधा नसतो, ५०५२ ग्रेडचा असतो, मॅग्नेशियम मिसळलेला, समुद्राला पण टिकतो. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, लोखंड जवळजवळ ८ पट. लोखंडासारखा गंजून झडत पण नाही. एवढं गणित पुरे.

जुनी घेत असाल तर खालचं करून बघा:
ट्रेलरवर असतानाच होडीत बागेच्या पाइपने पाणी भरा, चार बोटं, आणि खाली पाठीवर झोपून बघा कुठे थेंब धरतो. विकणारा नाही म्हणाला तर तिथून निघा.
मागची पाटी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती ट्रान्सम. वरून पत्रा पण बऱ्याच होड्यांत आत प्लायवूड असतं आणि ते कुजतं. इंजिनाच्या खालच्या टोकाला धरून वरखाली जोर द्या आणि पाटी वाकते का बघा. हातोडीच्या दांड्याने ठोका, चांगली टणटण बोलते, कुजकी भदभद.
तिसरं, ट्रेलरची बेअरिंगं. लोक होडी बघतात आणि बेअरिंग बघत नाहीत, मग हायवेच्या कडेला बसतात.

---

सुगरण_प्लेनोची
मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही पण शीर्षकात "जर्मनची होडी" वाचून आले, मला वाटलं जर्मनीहून मागवताय. आमची आजी ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचंच म्हणायची, जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. आणि तिचा कडक नियम, जर्मनच्या पातेल्यात चिंचेचं सार ठेवायचं नाही, ताक ठेवायचं नाही, रात्रभर तर नाहीच नाही, नाहीतर बारीक बारीक खड्डे पडतात. मग होडीला पण पडतात का?

---

पत्रा_आणि_वेल्ड
@सुगरण_प्लेनोची आजीला माझा नमस्कार, तिने अख्खं गंजशास्त्र एका वाक्यात सांगितलं. ॲल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याला वाचवतो, आंबटाने तो थर विरघळतो आणि खालचा धातू उघडा पडतो. होडीला चिंच लागत नाही, पण तांबं लागतं. तांबं आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना चिकटले की बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून ॲल्युमिनियमच्या होडीला तांब्याचा रंग लावायचा नाही, जो मोठ्या बोटींच्या तळाला शेवाळं धरू नये म्हणून लावतात. आणि ट्रेलरवर होडी ज्या फळ्यांवर बसते त्या प्रेशर ट्रीटेड लाकडाच्या नकोत, त्या औषधातही तांबं असतं. ओली सतरंजी, खाली तांब्याचं लाकूड, वर पत्रा, वर्षभर तसंच. आजीच्या पातेल्यासारखे खड्डे पडतात, डोळ्यांनी पाहिलेत.

गोड्या पाण्यात इंजिनाला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड लावतात, तो आपण झिजतो आणि बाकीच्यांना वाचवतो. घरातल्या मोठ्या सुनेसारखा.

---

सुगरण_प्लेनोची
शेवटचं वाक्य माझ्या सासूबाईंना फॉरवर्ड करतेय.

---

दांडी_किनारा
मालवणातून वाचतोय. आमच्याकडे बारक्या होड्या पूर्वी लाकडाच्या, आता बहुतेक फायबर. ॲल्युमिनियमची मी तरी मालवणात बघितली नाही. खाऱ्या पाण्यात रोज ठेवायची, वर वाळूत ओढायची, फुटली तर गावातच कापड आणि रेझिन लावून दुसऱ्या दिवशी समुद्रात. पत्र्याला वेल्डिंगवाला कुठून आणणार. तुमचं तळ्यातलं गणित वेगळं, होडी आठवड्याला एकदा पाण्यात आणि बाकी दिवस गॅरेजमधे कोरडी, तिथे पत्रा शोभतो.

आणि मासा सोडता हे वाचून आई म्हणाली, "बिचारे."

---

फ्रिस्कोचा_गळ
सगळ्यांचे मनापासून आभार. होडी घेतली!!

१७ फूट, वेल्डेड, मॉड व्ही, ६० हॉर्सपॉवर फोर स्ट्रोक, ट्रेलरसकट ९,५०० डॉलर, वर टेक्सासचा सव्वासहा टक्के टॅक्स. ट्रेलरचा दांडा बिजागरीने बाजूला वळतो त्यामुळे गॅरेजमधे दरवाजाला चार बोटं ठेवून बसली, एचओए गप्प. होडी, इंजिन, ट्रेलर, पेट्रोल सगळं मिळून २,२०० पौंडांच्या आसपास, सिएनाची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड. काकांची ग्लास ट्रेलरसकट साडेचार हजारांच्या पुढे, त्यांना पिकअपच लागतो. म्हणजे मला होडीबरोबर ट्रक घ्यावा लागला नाही, हे घरी पास होण्याचं खरं कारण.

पत्रा_आणि_वेल्ड यांनी सांगितलं तसं पहिल्या ठिकाणी पाणी भरू का विचारलं तर माणूस म्हणाला, नो नो. निघालो. दुसऱ्याने स्वतः पाइप आणून दिला आणि बाजूला खुर्ची टाकून बसला. मी खाली झोपलो, पाठ ओली, एकही थेंब नाही. ट्रान्समला टणटण. डाव्या कुशीवर नारळाएवढा पोचा आहे, त्याने त्याचे तीनशे कमी केले, मी म्हटलं अजून दोन पोचे असते तर बरं झालं असतं.

आता लाजिरवाणा भाग. पहिला दिवस, लेक लॅव्हन. ट्रेलर पाण्यात उलटा घातला (तो पण तीन प्रयत्नांत, मागे चार गाड्या वाट बघत), होडी सुटली, बायको दोरी धरून धक्क्यावर, मी गाडी लावून आलो. ती म्हणाली, "अरे, मागे जरा जास्तच बसलीय का ही?" बसणारच. बूच लावलं नव्हतं. होडीच्या मागच्या पाटीला तळाशी एक भोक असतं, पाणी काढून टाकायला, त्याला अंगठ्याएवढं बूच. ते बूच माझ्या खिशात होतं. घरून निघताना "हरवू नये म्हणून" खिशात ठेवलं होतं. बाहीपर्यंत हात पाण्यात घालून बाहेरूनच पिळून बसवलं आणि पंप चालू केला, वीस मिनिटं पिचकारी चालू. धक्क्यावरचा एक म्हातारा टोपीला हात लावून म्हणाला, "एव्हरीबडी डझ इट वन्स, सन."

---

थंडीतला_मावळा
अभिनंदन! बूच किल्लीच्याच जुडग्याला लावायचं. किल्ली लागल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, आपोआप आठवतं.

---

सेंट_क्लेअरचा_वारा
अभिनंदन. बुचाच्या बाबतीत ग्लास आणि ॲल्युमिनियम दोन्ही समान, ग्लास जरा तोऱ्यात बुडते एवढंच.

दोन गोष्टी ऐका. इंजिनाची लाल दोरी कमरेला किंवा जॅकेटला लावायची. एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या होड्यांना अमेरिकेत तो कायदाच आहे, माणूस बाहेर फेकला गेला तर इंजिन बंद पडतं. आणि होडीच्या आत एक पत्र्याची पाटी असेल, त्यावर जास्तीत जास्त किती माणसं, किती पौंड, किती हॉर्सपॉवर ते लिहिलेलं असतं. पाटीवर ६० असेल तर ९० लावायचा मोह येऊ देऊ नका. येतो, दुसऱ्या वर्षी सगळ्यांना येतो.

---

पत्रा_आणि_वेल्ड
पोचा तसाच राहू द्या. आतून सँडबॅग आणि रबरी हातोडीने काढता येतो पण उगाच पत्रा दमतो. दिसायला होडी, पोहायला मासा.

---

शंकासुर
हे सगळं ठीक, पण ही होडी बासचीच का? होडी ती होडी.

---

थंडीतला_मावळा
@शंकासुर नाही हो, बास बोट ही वेगळीच जात आहे. १९४८ मधे होम्स थर्मंड नावाच्या माणसाने लुइझियानात श्रीव्हपोर्टला पहिली बनवली, स्कीटर, प्लायवूडची लांबुडकी आणि टोकदार. मग १९६७ च्या जूनमधे रे स्कॉटने आर्कान्सात बीव्हर लेकवर पैशाची मोठी स्पर्धा भरवली आणि तिथून स्पर्धांचं पेव फुटलं. पुढच्याच वर्षी फॉरेस्ट वूडने फ्लिपिन नावाच्या खेड्यात रेंजर बोटी काढल्या, फायबरग्लासच्या. स्पर्धा म्हटली की पहिलं पोचणं आलं, वेग आला, मोठं इंजिन आलं, आणि बास म्हणजे ग्लास हे समीकरण बसलं.

त्याला सुरुंग लावला तो जॉनी मॉरिसने, बास प्रो शॉप्सवाला. १९७८ साली बास ट्रॅकर काढली, ॲल्युमिनियमची होडी, इंजिन, ट्रेलर सगळं एका किमतीत. तोपर्यंत होडी एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे, ट्रेलर तिसऱ्याकडे आणि मग जोडत बसा असा कारभार होता. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने शनिवारी दुकानात जावं आणि रविवारी मासे धरावेत, असं झालं. मला विचाराल तर बास फिशिंग साध्या माणसापर्यंत पोचवलं ते या डब्याने.

होडी एकटीच पण नाही. पुढे मागे सपाट उंच डेक उभं राहून गळ टाकायला, पुढे विजेची ट्रोलिंग मोटर पायाने चालवायला, मधे लाइव्हवेल म्हणजे मासा जिवंत ठेवायची टाकी, काठ्यांसाठी लांब पेटी. कोळ्याच्या होडीत जाळ्याला जागा असते, इथे काठीला.

---

फ्रिस्कोचा_गळ
आठ महिने झाले, धागा वर काढतो. लेक फोर्कवर जाऊन आलो.

ज्यांना माहीत नाही त्यांना, लेक फोर्क डॅलसपासून दीड तासावर, पूर्वेला. १९८० साली धरण झालं, पाणी भरलं तेव्हा खालचं जंगल बरंचसं तसंच सोडलं. आज तिथे पाण्यातून हजारो वाळके खोड वर आलेत, करड्या रंगाचे, आणि न दिसणारे त्याहून जास्त, पाण्याखाली हातभर. बासला आडोसा लागतो, त्याच्यासाठी ते राजवाडे. टेक्सासचा सगळ्यात मोठा बास, १८.१८ पौंड, १९९२ च्या जानेवारीत इथेच मिळाला. इथला नियमपण वेगळा, १६ ते २४ इंचांमधला मासा घरी नेताच येत नाही, सोडायचाच. त्यामुळे मोठे मासे राहतात. (शंकासुर, सोडण्याचा एक फायदा हा. पुढचा धरणारा मी असू शकतो.)

पहाटे साडेपाचला पोचलो, एकटाच. पाणी आरशासारखं, वर पातळ वाफ. मुख्य वाटेला बोये (पाण्यावर तरंगत्या खुणा) लावलेत तिथपर्यंत इंजिनाने गेलो, मग आत शिरताना इंजिन वर उचललं आणि ट्रोलिंग मोटरवर. माझ्यामागून एक ग्लासवाला आला, नवीकोरी, सोनेरी चमक, तो खाडीच्या तोंडाशीच थांबला, बाहेरच्या कडेने फिरत राहिला. मी आत गेलो. मुद्दाम नाही, मला भीतीच नव्हती, एवढंच.

मग झालंच. ढण्ण. सगळी होडी घंटेसारखी वाजली, मी गुडघ्यावर आलो. पाण्याखाली खोड होतं, हातभर जाड, वरून काळंशार, होडीचं नाक त्यावर चढून बसलं होतं. वाकून बघितलं. पुढे उजवीकडे नवा पोचा, वाटीएवढा, मधे रंग गेलेला आणि पत्रा चकचकीत. बोटांनी चाचपला, चीर नाही. मागे गेलो, आतली झडप उघडली, कोरडं. ट्रोलिंग मोटर उलटी फिरवली, होडी किर्र करत खाली उतरली. सगळं मिळून दोन मिनिटं. काकांच्या होडीला हे झालं असतं तर जेलकोट, म्हणजे ग्लासवरचा चकचकीत थर, फुटला असता, ते दिवसभर तेच बघत बसले असते आणि सोमवारी बॉडीशॉपचा फोन. काकांचा दोष नाही, मी पण तेच केलं असतं, ९० हजारांच्या वस्तूवर ओरखडा बघून मासे कुठले सुचतात.

त्याच खोडाच्या पलीकडे वीस फुटांवर काळा-निळा रबरी किडा टाकला, टेक्सास रिग, म्हणजे गळाचं टोक किड्यात लपवलेलं, लाकडात अडकू नये म्हणून. दोरी तिरकी सरकायला लागली. ओढला. पाण्यातून उडी मारली तेव्हा तोंडाचा डबा उघडा आणि मान झटकत होता, मी मोठ्याने "अगं आई गं" म्हणालो हे आठवतं. २१ इंच, सहा पौंडांना जरा कमी. फोटो, खालचा जबडा अंगठ्यात धरून पाण्यात ठेवला, दोन वेळा कल्ले हलले आणि शेपटीचा फटका माझ्या तोंडावर मारून गेला.

आवाजाबद्दल सेंट_क्लेअरचा_वारा यांचं बरोबर निघालं. पक्कड पडली, खाडीतले बगळे उडाले. आता डेकवर रबरी मॅट चिकटवलीय, फरक आहे. उन्हाचं कुणी सांगितलं नव्हतं, जुलैमधे उघड्या पत्र्याला मांडी लागली तर भाकरी भाजावी तसं होतं.

---

सेंट_क्लेअरचा_वारा
झकास लिहिलंय. मी हरलो असं नाही, पण फोर्कवर मी पण माझी आत घातली नसती.

वाऱ्याचं काय केलंत?

---

फ्रिस्कोचा_गळ
@सेंट_क्लेअरचा_वारा वाऱ्याचं तुमचं शंभर टक्के खरं. मार्चमधे रे रॉबर्ट्स तळ्यावर २० मैलांचा वारा होता, होडीचं नाक धरून ठेवणं म्हणजे मांजराला आंघोळ. दोन गोष्टी केल्या. मिन कोटा कंपनीची जीपीएसवाली ट्रोलिंग मोटर लावली, बटण दाबलं की ती स्वतःच फिरत राहते आणि होडी एका जागी धरून ठेवते. आणि लेडच्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या टाकल्या, एकेक लेडची साठ पौंड भरायची, ही पंचवीस. हलक्या होडीत हे जाणवतं, पुढचं नाक आता दबत नाही. बॅटऱ्यांचा खर्च मात्र घरी अजून पूर्ण सांगितलेला नाही, हा धागा ती वाचत नाही असं धरून चाललोय.

तरीपण मोठा वारा असला की मी जातच नाही. किंवा खाडीत बसतो. ही मर्यादा आहे, ती आहे.

---

पत्रा_आणि_वेल्ड
स्पर्धांतल्या प्रो लोकांतला कीथ पोशे बघा कधी. बाकीचे २५० लावून मोकळ्या पाण्यात पळत असतात आणि हा ॲल्युमिनियमची छोटी होडी घेऊन अशा उथळ गाळात आणि लाकडांत घुसतो जिथे दुसरा येऊच शकत नाही. वेगात हरतो, जागेत जिंकतो.

पोच्याचा फोटो टाका. दोन्ही.

---

फ्रिस्कोचा_गळ
टाकतो. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर लॅव्हनवर गेलो होतो. सहा वाजता गॅरेजमधून काढली, साडेआठला परत आत. एकट्याने ढकलता येते, हे मी विकत घेताना मोजलंच नव्हतं. काका म्हणतात त्यांची गेल्या वर्षी नऊ वेळा पाण्यात गेली. माझी एकेचाळीस. लिहून ठेवतो मी, वहीत.

निघताना टेक्सासात तळ, लाइव्हवेल सगळं रिकामं करावं लागतं, झेब्रा शिंपल्यांमुळे, एका तळ्यातले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. बूच तेव्हा काढायचं. आणि हो, आता किल्लीला आहे.

---

सुगरण_प्लेनोची
वहिनींना बॅटऱ्यांचं मी काही सांगणार नाही. पण पुढच्या वेळी कॅटफिश किंवा क्रॅपी मिळाले तर चार इकडे पाठवा, रवा लावून तळते.

---

शंकासुर
क्रॅपी खाणेबल आहे का? हे आधी सांगायचं ना, तीन पानं वाचली मी.

मी २० तारखेला डॅलसला येतोय कामाला, शनिवार मोकळा आहे. होडीत जागा आहे का?

---

फ्रिस्कोचा_गळ
पाटीवर चार माणसं लिहिलीयत, आपण दोघं. लाइफ जॅकेट माझ्याकडे आहे, तुमचं वजन कळवा. लायसन्स बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एका दिवसाचंही मिळतं, वॉलमार्टला घ्या. पहाटे पावणेपाचला घराबाहेर. बूट काळ्या तळव्याचे नकोत, मॅट नवीन आहे.